सही नसलेली रेघ

४ जानेवारी

चि. भाचीबाईंना मामाचे पोटभर आशीर्वाद.

आधी तब्येती. तुझा घसा उघडला का? तालमीत ओरडून ओरडून बसवलास म्हणे. तुझ्या खोलीतली मैत्रीण, तुम्ही जिला आजीबाई म्हणता, तिचा खोकला कसा आहे? जिच्या पिशवीत सगळ्यांची औषधं, तिला औषध कोण देतं? त्या उंच मुलाची, तुमच्या खांबाची, अक्कलदाढ काढली, की अजून गाल धरूनच संवाद म्हणतो? वसतिगृहाच्या काकूंच्या डोळ्यावरची पट्टी सुटली का? आमच्याकडे मामीचा गुडघा हवा बदलली की बोलतो. ती स्वतः बारा महिने बोलते. माझा डावा कान बंद झाला आहे. म्हणून ती आता उजवीकडे बसते.

तुझं रडगाणं वाचलं. तुम्ही तेरा जण मिळून नाटक बसवताय, लोकशाही कशी बुडते आणि कशी तगते यावर, आणि पडद्याचा रंग ठरवायला तीन तास लागले. प्रत्येक गोष्टीला हात वर करून मत. मग जो हरला तो रुसला, जो जिंकला तो बोलत सुटला. अगं, बारभाईंची शेती, काय लागेल हाती? कागद गिरणीत मी फिटर होतो, पण संध्याकाळी गिरणीच्या सभागृहात एकतीस वर्षं विंगेत बसून, वहीतून नटांना वाक्यं पुरवत, प्रॉम्प्टिंग केलं. शाळा चौथीत सुटली, पुढचं सगळं त्या वहीनं शिकवलं. तिथं एक पाहिलं, नाटकाला धनी एकच लागतो. तू दिग्दर्शक आहेस ना? मग लगाम हातात घे. गाडी चालली की बसलेल्यांची कुरकुर आपोआप थांबते.

सोबत माझी जुनी वही पाठवतो आहे. शेवटची चाळीस पानं कोरी आहेत, त्यात तुमचं नाटक उतरव. आणि आमची एक रीत पाळ. ज्याचं वाक्य कापायचं, त्यानंच स्वतःच्या हातानं त्यावर रेघ मारायची आणि बाजूला सही करायची. का, ते विचारू नकोस. रीत आहे.

तुझा मामा


१९ जानेवारी

प्रिय मामा, तुला आणि मामीला नमस्कार.

माझा घसा ठीक. आजीबाईचा खोकला गेला, खांबाची दाढ गेली, काकूंची पट्टी सुटली आणि आता त्यांना आमच्या खोलीतला पसारा स्पष्ट दिसतो, हे वाईट झालं.

वही पोचली. तिला अजून मशीनच्या तेलाचा वास येतो. आणि तुझी बारभाईंची म्हण मी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवली. सगळे हसले आणि मग गप्प झाले. खरं होतं ना ते. मग मी म्हटलं, दोन मार्चला स्पर्धा आहे, तोपर्यंत सगळे निर्णय माझ्यावर सोडा. प्रयोग झाला की पुन्हा पहिल्यासारखं. भराभर हात वर झाले. मी वहीत 'एकमताने मंजूर' असं लिहूनही टाकलं, लोक चहाला उठले, तेवढ्यात मागून आवाज आला, "माझा हात अजून वर आहे. मोजा." वळून बघते तर आजीबाई. विरोधात हात वर करून कधीची बसलेली. मी विरोधात कोण असं विचारलंच नव्हतं. हसून हसून पुरेवाट झाली. मग खोडून 'अकरा विरुद्ध एक' असं लिहिलं.

पण मामा, आजीबाईचं ते वाक्य इतकं झकास होतं की मी नाटकाचा शेवटच त्यावर केला. ऐक. एका गावातलं मोठं घड्याळ बंद पडतं. गाव सभा भरवून ठरवतं, की दुरुस्त होईपर्यंत किती वाजले ते पहारेकऱ्यानं सांगायचं. तो म्हणेल ती वेळ. पुढे घड्याळच नाही म्हणून सभेची वेळ होत नाही, निवडणुकीची तारीख येत नाही, आणि घड्याळजीला गावात येऊ देत नाहीत. पहारेकरी म्हणजे आमचा खांब. आणि पहिल्याच सभेत एक धुणेवाली विरोधात हात वर करते. तो कुणी मोजत नाही. ती नाटकभर हात वर ठेवूनच धुणं धुते, वाळत घालते, भांडते. शेवटी ते वाक्य म्हणते आणि गाव एकेक करून तिच्याभोवती जमतं. आजीबाईच करते ती भूमिका. एका हातानं पिळे पिळायला शिकते आहे.

एक विचारू? तुझ्या वहीत प्रत्येक कापलेल्या वाक्याशेजारी सही आहे. पान सत्तेचाळीसवर वहीतली पहिलीच रेघ आहे, निळ्या पेन्सिलीची, जाड. तिथंच सही नाही. कुणाचं होतं ते वाक्य?

तुझी भाची


२७ जानेवारी

चि. भाचीबाईंना आशीर्वाद.

मामीला तुझं पत्र वाचून दाखवलं. धुणेवालीपाशी आलो तेव्हा मामी म्हणाली, पोरीच्या दंडाला रोज तेल लावा म्हणावं, तासभर हात वर धरणं खेळ नाही. मी हात धरून बघितला. अकरा मिनिटांत खांदा बोंबलायला लागला, आणि मामी म्हणाली, तुझा कोणता प्रश्न आहे, विचार.

तू लगाम घेतलास, बरं केलंस. माझी म्हण भरल्या सभेत वाचली गेली, याचं मला जरा जास्तच अप्रूप वाटलं. दोन दिवस मी गल्लीत ताठ चाललो.

पान सत्तेचाळीसचं काय घेऊन बसलीस. जुनी वही, उंदरांनी कोपरे खाल्लेत, एखादी सही खाल्ली असेल. तू तुझ्या पानांकडे बघ.

तालमीचं सविस्तर लिही. कोण चुकतं, कोण चिडवतं, सगळं.

तुझा मामा


१६ फेब्रुवारी

प्रिय मामा,

उत्तराला उशीर झाला. वेळच नाही. पण काम जोरात आहे, तुला अभिमान वाटेल.

तालमीला उशिरा येणाऱ्याला त्या दिवशी संवाद नाही, असा नियम केला. सूचना लिहून द्यायच्या, मध्ये बोलायचं नाही. दिवे सांभाळणारा आमचा काजवा आधी दर पाच मिनिटांनी काहीतरी सुचवायचा, आता सांगितलं की दिवा लावतो, सांगितलं की विझवतो. प्रॉम्प्टिंगही मीच घेतलं, दुसऱ्यावर सोडलं की चुका होतात. पूर्वी किती कालवा असायचा. आता तालमीत इतकी शांतता असते की खांबाच्या बुटांचा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत येतो.

स्पर्धा पंधरा दिवस पुढे गेली, सोळा मार्चला. म्हणजे माझी जबाबदारीही तोपर्यंत वाढली. वेगळं मत घेतलं नाही, कुणी काही म्हणालंही नाही.

एकच कटकट झाली. वेळेची मर्यादा साठ मिनिटं, आणि नाटक चौसष्ट भरलं. शेवटचा प्रवेश कापावा लागला. पहारेकरी जाहीर करतो की घड्याळ आता दुरुस्त होणार नाही, आणि अंधार. जास्त धारदार वाटतं तसं. आजीबाईला म्हटलं, रेघ मार आणि सही कर. ती म्हणाली, "माझं वाक्य मी मारणार नाही. तुला मारायचं तर तू मार." मग मीच मारली. सहीची तशी गरजही नव्हती, अकरा जणांनी मला अधिकार दिलेला आहे. ती हात मात्र पहिल्यापासून वर ठेवते, ते मी राहू दिलं, दिसायला छान दिसतं.

ती आता काजव्याच्या बहिणीच्या खोलीत राहायला गेली आहे. बरंच झालं, मला अभ्यासाला निवांतपणा मिळतो. औषधांची पिशवी तेवढी इथंच विसरली.

तुझी भाची


२१ फेब्रुवारी

चि. भाचीला,

तब्येती आज विचारत नाही, रागावू नकोस.

तुझं पत्र मी दारातच उभ्यानं वाचायला घेतलं आणि अर्ध्यावर उंबऱ्यावरच बसलो. मामी आतून आली, माझं तोंड बघितलं आणि म्हणाली, "कोण गेलं?" मी म्हटलं, कुणी गेलं नाही. मग तिला वाचून दाखवलं. ती चहा टाकून आली होती, तो उतू गेला तरी दोघंही उठलो नाही. आमच्या घरात असं होत नाही, तुला माहीत आहे.

मुली, तुझं पत्र पुन्हा वाच. कच्चं टिपण तुझ्याकडे असेल तर त्यात तूच कुठे कुठे पहारेकरी झाली आहेस त्याच्याखाली रेघ ओढ. मला सात जागा सापडल्या.

आणि आता मी तुला काय सांगू? दिव्याखाली अंधार म्हणतात, पण हा दिवा मीच तुझ्या हातात दिला. लगाम घे असं मी लिहिलं. भरल्या सभेत माझं वाक्य वाचलंस याचा मला आनंद झाला. तू 'विरोधात कोण' हे विचारलंच नव्हतंस, हे वाचून मी खो-खो हसलो, माझा हात दुखेपर्यंत तिची नक्कल केली, आणि मला काही कळलं नाही. एकतीस वर्षं विंगेत बसून मी हे शिकलो म्हणायचं.

पान सत्तेचाळीस. उंदीर नव्हता. उंदीर मीच.

आमच्या सभागृहात एक रंगारी होता. गिरणीच्या भिंती रंगवायचा आणि संध्याकाळी आमचे पडदे. माझा जिवलग. एका नाटकात त्याला शिपायाचं काम होतं, सगळ्यात लहान. ऑफिसमधून माणसं कमी करतात, त्यांची यादी लागते, आणि हा शिपाई शेवटी म्हणतो, "साहेब, माझं नाव कुठल्याच यादीत नाही, पण मी इथं उभा आहे." त्याच महिन्यात आमच्या गिरणीत खरोखर यादी लागली. मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं. ओरडले नाहीत, खुर्ची दिली. म्हणाले, एवढं एक वाक्य नसलं तर बरं दिसेल, वही तुमच्याच हातात असते ना. मी दुपारी निळ्या पेन्सिलीनं ते मारलं. संध्याकाळपर्यंत रंगाऱ्याला सांगू म्हटलं. सांगितलं नाही. तोंड झालं नाही.

प्रयोगात ती जागा आली. तो थांबला. वाक्य त्याला पाठ होतं, पण समोर पहिल्या रांगेत साहेब बसलेले, म्हणून चाचरला असेल. त्यानं विंगेकडे बघितलं. प्रॉम्प्टर कशासाठी असतो गं? मी त्याला पुढचं वाक्य दिलं. तो हलला नाही. मी पुन्हा पुढचंच दिलं. तेव्हा त्याला कळलं. त्यानं ते म्हटलं, निमूट, आणि आत आला. तोंडाचा रंग धुतला, माझ्याकडे न बघता गेला. सभागृहात परत पाऊल टाकलं नाही. सहीची रीत मी त्यानंतर सुरू केली, आणि सगळे म्हणायचे, काय शिस्तीचा माणूस आहे.

सव्वीस वर्षं झाली. तो इथंच राहतो, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. मी बाजाराला लांबच्या रस्त्यानं जातो.

काय कर ते मी सांगणार नाही. सांगण्याची माझी एक पाळी झाली, तिचं काय झालं ते दिसतंच आहे.

तुझा मामा


१८ मार्च

मामा,

तुझं पत्र मला चोवीस फेब्रुवारीलाच मिळालं. मला इतका राग आला की मी ते पेटीच्या तळाशी घातलं. मनात म्हटलं, याला काय कळतं, चौथी शिकलेला माणूस. हे तुला लिहायला लाज वाटते, पण आता काही लपवायचं नाही असं ठरवलं आहे.

परवा प्रयोग झाला. मी विंगेत स्टुलावर, वही मांडीवर, हातात घड्याळ. सगळं सेकंदाबरहुकूम चाललं होतं. अठ्ठावन्न मिनिटांनी खांबानं शेवटची घोषणा केली. काजव्यानं दिवे विझवण्यासाठी माझ्या खुणेकडे बघितलं.

आणि आजीबाई तिथंच उभी राहिली. तासभर वर असलेला हात, दंड थरथरत होता, ओठ पांढरे. ती वाक्य म्हणाली असती तर मी समजू शकले असते, चिडले असते, नियम मोडला म्हणाले असते. ती म्हणाली नाही. तिनं फक्त मान वळवून माझ्याकडे बघितलं.

मामा, मला तुझी सगळी विंग दिसली. मी एवढी हादरले की माझ्या हातातलं घड्याळ पडलं आणि त्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मी वहीत बघितलं. मी रेघ इतकी दाबून मारली होती की कागद फाटला होता, खालचे शब्द वाचताच येईनात. तिच्याच तोंडचे शब्द, माझ्यासमोर म्हटलेले, आणि मला आठवेनात. काजवा खूण मागत होता. एक बोट खाली केलं असतं की अंधार. खांब रंगमंचावर पहारेकऱ्याचा दंडुका धरून उभा, त्याच्या कपाळावरून घाम. कुणीही काही केलं नाही, कारण काय करायचं ते मी सांगते अशी मीच सवय लावली होती.

शेवटी काय आठवलं माहीत आहे? चहाला उठलेले लोक आणि माझ्या हातातली पेन्सिल. मी म्हणाले, "माझा हात अजून वर आहे." हळू म्हणायचं विसरले. सगळ्या सभागृहानं ऐकलं, प्रॉम्प्टरचा आवाज. ती माझ्याकडे बघत राहिली, मग लोकांकडे वळली आणि एकच शब्द म्हणाली. "मोजा."

इतकी शांतता झाली, मामा. तालमीतली नाही, वेगळी. मग मागून कुणीतरी म्हणालं, "एक." एका म्हातारीचा आवाज होता. काजव्यानं कुणाला न विचारता दिवे लावले, सभागृहातलेसुद्धा.

बासष्ट मिनिटं झाली. स्पर्धेतून बाद. वसतिगृहाच्या दारात मंडळी सामान उतरवत होती तेव्हा मी पेटीतलं तुझं पत्र आणून सगळ्यांसमोर वाचलं, शेवटपर्यंत. कुणी हसलं नाही. खांब म्हणाला, "सात नाही, मला नऊ जागा सापडल्या असत्या." मी माफी मागितली. आजीबाई म्हणाली, "माफीचं नंतर बघू. आधी माझी पिशवी दे, काजव्याला पित्त झालंय." खोलीत परत येते म्हणाली नाही. मी विचारलंही नाही.

परीक्षा संपली की पुढच्या शनिवारी सभा आहे. मला दिग्दर्शक ठेवायचं की नाही, यावर मत घेणार आहेत. मला भीती वाटते, मामा, खरं सांगते. वही परत पाठवते आहे. माझ्याकडे ठेवण्याची माझी लायकी नाही.

तुझी भाची


२४ मार्च

चि. भाचीला मामाचे आशीर्वाद, आज दुप्पट.

वही मंगळवारी आली. मी ती उघडली नाही. तशीच काखेत धरली आणि जवळच्या रस्त्यानं निघालो. मामीनं विचारलं, कुठं? मी म्हटलं, पान सत्तेचाळीस. तिनं फक्त छत्री दिली, ऊन होतं म्हणून.

दुसरा मजला. जिन्यातच टर्पेंटाइनचा वास, म्हणजे अजून काहीतरी रंगवतो. दार त्यानंच उघडलं. केस गेले, डोळ्यांना जाड भिंगं. मला ओळखायला जरा वेळ लागला, वही लगेच ओळखली. या म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. मी उंबऱ्याबाहेर उभा राहून पान काढलं आणि वाचलं, "साहेब, माझं नाव कुठल्याच यादीत नाही, पण मी इथं उभा आहे."

तो म्हणाला, "मोठ्यानं. शेवटच्या रांगेला ऐकू गेलं नाही."

मी पुन्हा म्हटलं. समोरच्या दोन घरांची दारं उघडली. त्यानं तिसऱ्यांदा म्हणायला लावलं. माझा आवाज फुटला तेव्हा बाजूला झाला आणि स्टूल पुढे केलं. पाणी दिलं, कपाला निळा रंग लागलेला. मग मी पेन्सिल पुढे केली आणि म्हटलं, तुझी सही राहिली आहे, करतोस? मला वाटलं होतं, त्यानं सही केली की गंगेत घोडं न्हालं.

त्यानं पेन्सिल हातातही घेतली नाही. "रेघ माझी नाही," तो म्हणाला. "ज्यानं मारली त्यानं सही करावी."

एवढं साधं, आणि मला सव्वीस वर्षांत सुचलं नाही. मी रीत काढली तीही उलटी काढली, बघ. सही कापलेल्याकडून मागत बसलो. तिथंच त्याच्या स्टुलावर बसून रेघेशेजारी माझं नाव लिहिलं, चौथीतल्या पोरासारखं अक्षर आलं. तो भिंगांतून ते जवळून बघत राहिला. निघताना म्हणाला, "पुढच्या मंगळवारी ये. पडदा रंगवतोय नातीच्या शाळेचा, धरायला माणूस लागतो." मामीला हे सांगितलं तर ती आत जाऊन उगाच भांडी घासत बसली.

वही परत पाठवतो आहे. लायकीचं बोलू नकोस, ती दोघांची सारखीच निघाली. मागच्या फाटलेल्या पानावर कुणाची सही हवी ते आता तुला कळलंच आहे.

शनिवारची भीती वाटते म्हणतेस. वाटू दे. ज्याला मताची भीती वाटते त्याच्याकडे मतं अजून मोजली जातायत असं समज. ठेवलं तर काम कर, काढलं तर पडदा ओढ, पण खोली सोडून जाऊ नकोस. आजीबाईचा दंड कसा आहे ते विचार, तेल लाव म्हणावं. खांबाला सांग, नऊ जागा मला लिहून पाठव. काजव्याचं पित्त, काकूंचे डोळे, तुझी झोप, एकेक करून सगळं कळव.

आणि शनिवारी किती हात वर आले ते नंतर सांग. आधी सांग, विरोधात कोण, हे मोठ्यानं विचारलं का, आणि कोण हात वर ठेवून बसलंय ते चहाला उठण्याआधी कुणी वळून बघितलं का. रविवारीच पत्र टाक. रंगाऱ्याला तुझी सगळी गोष्ट सांगितली आहे, मी मंगळवारी जाईन तेव्हा तो विचारणार आहे.

तुझा मामा